गजांआडचे लैंगिक आजार : प्रस्तावना

२०२४ च्या मे आणि जून महिन्यांत दिल्लीच्या तिहार कारागृहात बंद्यांची मोठी आरोग्य तपासणी झाली. सुमारे साडेदहा हजार जणांच्या चाचण्या झाल्या. त्यांत १२५ जण एचआयव्हीबाधित निघाले आणि २०० जणांना उपदंश, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो आजार, असल्याचे दिसले. जुलैत हे आकडे वर्तमानपत्रांत आले. मथळे १२५ चे होते. दोनशेंना बातमीच्या पोटात एखादे वाक्य मिळाले. या पुस्तकाचा विषय वाचकाला सांगायचा तर मी त्या दोनशेंपासूनच सुरुवात करीन.

कारण उपदंश पूर्ण बरा होतो. आजार नवा असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची एक मात्रा कमरेत टोचली की पुरते. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा. औषध जुने आहे, स्वस्त आहे. १९४३ मध्ये जॉन महोनी या अमेरिकी डॉक्टरने पेनिसिलिनने उपदंशाचे पहिले रुग्ण बरे केले, त्याला आता ऐंशी वर्षे उलटून गेली. इतके असूनही हा आजार टिकून राहतो तो त्याच्या चोरपावलांमुळे. पहिली जखम दुखत नाही. काही आठवड्यांत ती औषधाशिवाय भरून येते आणि माणसाला वाटते, गेले एकदाचे. मग अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठते. तेही आपोआप मावळते. त्यानंतर कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. आतल्या आत मात्र हृदयातून निघणारी मोठी रोहिणी, मज्जारज्जू, मेंदू यांच्यावर तो काम करत राहतो. गरोदर बाईला असेल तर पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. आणि जखम उघडी असेपर्यंत एचआयव्हीला शरीरात शिरायला वाट मोकळी असते.

असा न दुखणारा आजार कारागृहात कसा उघडकीला यायचा? बाहेर असताना माणूस निदान लपतछपत एखाद्या दवाखान्याची पायरी चढतो. आत त्याने जागा दाखवायची कुणाला? आंघोळ सगळ्यांसमोर. डॉक्टरकडे जायचे तर आधी वॉर्डरला सांगायचे, वॉर्डर विचारणार काय झाले, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बरॅकीला ठाऊक होणार. लघवीच्या जागेतून पू येणारा परम्याचा रुग्ण निदान वेदनेने बोलतो. उपदंशाच्या रुग्णाला बोलायला वेदनाही नसते. म्हणून कारागृहात उपदंश शोधावा लागतो. तो आपण होऊन समोर येत नाही. तिहारमध्ये शोधला, तर दर शंभरांत जवळपास दोघांत सापडला. चाचणीत सापडलेल्या प्रत्येकाचा आजार त्या घडीला जागा असेलच असे नाही, काहींचा पूर्वी उपचार झालेलाही असू शकतो. त्यासाठी दुसरी चाचणी आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी पाहावी लागते. पण हे पाहण्यासाठी आधी पहिली चाचणी व्हावी लागते.

तिहारच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा एक खुलासा केला होता : हे १२५ जण कारागृहात येण्याआधीपासूनच बाधित होते. खुलासा खरा मानून चालू. पण तो ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांना मला सांगायचे आहे की या खुलाशाने जबाबदारी कमी होत नाही. नशेच्या सुया, रस्त्यावरचे जगणे, पोटासाठी केलेला देहविक्रय, उपचाराविना काढलेली वर्षे, हे सगळे सोसलेली माणसेच पोलिसांच्या हाती जास्त लागतात. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, हिच्या पाहणीत कारागृहांतले एचआयव्हीचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आढळते. देशातल्या एकूण प्रौढांत ते ०.२ टक्के आहे. सरकारी दवाखाना ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचला नाही, ती माणसे कारागृहाच्या दारातून एकेक करून, नाव-पत्ता लिहून आत येतात. त्यांना तपासण्याची आणि बरे करण्याची एवढी सोय राज्याला दुसरीकडे कुठेच नाही. ती संधी घ्यायची की घालवायची, एवढाच प्रश्न आहे.

हे मी लिहिते आहे ते दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्र सदनात बसून. शेजारच्या जनपथावर चंद्रलोक इमारतीत नॅकोचे कार्यालय. पुढे इंडिया गेटपाशी पतियाळा हाऊस न्यायालय, जिथे तिहारचे बंदी जाळीच्या खिडक्यांच्या गाड्यांतून तारखेला आणले जातात. हा रस्ता पूर्वी कर्झन रोड होता. आज तो ज्या बाईच्या नावाने आहे, ती स्वतः बंदिवासात मरण पावली हे या विषयाच्या निमित्ताने आठवायला हवे. ९ ऑगस्ट १९४२ ला कस्तुरबांना मुंबईत अटक झाली आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गेल्या. शेवटच्या आजारात डॉक्टर दिनशा मेहतांना बोलवायला परवानगी, वैद्य शिव शर्मांना बोलवायला परवानगी, असे पत्रामागून पत्र गांधीजींना सरकारला लिहावे लागले. वैद्यांना आत येऊ दिले, पण रात्री आत थांबू देईनात. म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. अखेरच्या दिवशी मुलगा देवदास यांच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनीच नको म्हटले. तो निर्णय घरच्या माणसांचा होता. पण त्याआधीची परवानगीची ती दिरंगाई कारभाराची होती, आणि जगभर जिचे नाव ठाऊक होते अशा बंदिवान बाईच्या वाट्याला ती आली. ज्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, त्या आर्थर रोड किंवा हर्सूल कारागृहातल्या कच्च्या कैद्याला डॉक्टर मिळायला किती वेळ लागत असेल?

भारतातल्या एचआयव्हीची गोष्टच मुळी कोठडीत सुरू होते, आणि ती सुरू करणाऱ्यांत एक बाई मराठी घरातल्या होत्या. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात वाढलेल्या, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवला : आपल्या शहरात एचआयव्ही आहे का, ते पाहा. मुंबईच्या नमुन्यांत तोवर काही सापडले नव्हते. निर्मला देहविक्रय करणाऱ्या बायका शोधत शोधत पोहोचल्या त्या सरकारी सुधारगृहात, जिथे अटक झालेल्या बायका ठेवल्या जात. तिथे त्यांनी रक्ताचे नमुने घेतले, रक्तद्रव घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेऊन तपासले. १९८६ साली देशातला पहिला एचआयव्ही असा सापडला. सॉलोमनबाईंनी पुढे वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि हजारो रुग्णांना माणसासारखे वागवले; त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही हे विसरता येत नाही की ज्यांच्या रक्तातून देशाला हे ज्ञान मिळाले, त्या बायकांना रक्त कशासाठी घेतले जाते आहे हे सांगितले गेले नव्हते, आणि नको म्हणून उठून जायला त्या मोकळ्याही नव्हत्या. पुढे तर एचआयव्ही निघाला म्हणून बायकांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सुधारगृहात अडकवून ठेवले गेले. श्यामला नटराज या पत्रकार न्यायालयात गेल्या, तेव्हा १९९० मध्ये त्या बायकांची सुटका झाली.

आपल्या शेजारचे गोवेही यातून सुटले नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचलले. गुन्हा काही नव्हता. त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे कोंडण्याची तरतूद होती. क्षयरुग्णांच्या एका जुन्या आरोग्यधामात त्याला ६४ दिवस ठेवले. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली; न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक घरी परतला, बाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये गेला.

याच्याही मागे जायचे तर १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा आहे. गोऱ्या शिपायांना गरमी-परमा होऊ नये म्हणून देहविक्रय करणाऱ्या बायकांची जबरदस्तीने तपासणी करायची, रोग दिसला तर खास रुग्णालयात कोंडायचे, तपासणी चुकवली तर शिक्षा. मुंबईतही तो लागू होता. १८८८ मध्ये तो गेला. शिपायांची तपासणी त्या कायद्यात नव्हती. आजार झालेल्याला कोंडायचे आणि कोंडलेल्याला उपचार द्यायला टाळाटाळ करायची, या दोन्ही सवयी आपल्या कारभाराला तेव्हापासूनच्या आहेत.

आता १९९४ चे तिहार. किरण बेदी तेव्हा कारागृह महानिरीक्षक होत्या आणि त्यांच्या सुधारणांची देशभर वाहवा चालली होती. कारागृहात गेलेल्या डॉक्टरांच्या पथकाने सांगितले की पुरुष बंद्यांमध्ये परस्परांशी संबंध मोठ्या प्रमाणावर आहेत, कंडोम द्या. बेदींनी नकार दिला. कंडोम दिल्याने समलैंगिक संबंधांना उत्तेजन मिळेल, आणि भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खाली तो गुन्हाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या छोट्या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली : कंडोम द्या, बाधित बंद्यांना वेगळे काढू नका, दवाखान्यात प्रत्येकाला नवी सुई वापरा आणि कलम ३७७ घटनाबाह्य ठरवा. ३७७ विरुद्ध न्यायालयात लढलेली ही पहिली लढाई. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मोकळे केले, त्या निकालाचे मूळ शोधत गेलात तर तिहारच्या बरॅकीपाशी पोहोचाल. मूळ याचिका मात्र सुनावणीला कुणी हजर नाही म्हणून २००१ मध्ये निकालात निघाली, आणि कंडोमचा प्रश्न तसाच राहिला.

कायद्याचा आडोसा आता गेला आहे. आडोसा गेला तरी नकार उरला, तेव्हा कळते की अडचण कायद्याची कधीच नव्हती. कारागृहात संबंध येतात हे मान्य केले की पुढचे प्रश्न सुरू होतात. कुणाचा संबंध मर्जीचा, कुणावर जबरदस्ती? नव्या पोराला कुणाच्या शेजारी झोपवले? पारलिंगी बंद्याला पुरुषांच्या बरॅकीत का टाकले? या प्रश्नांची उत्तरे अधीक्षकाला द्यावी लागतील, म्हणून संबंध येतच नाहीत असे म्हणणे सोयीचे पडते. त्या सोयीची किंमत बंदी भरतो, आणि जबरदस्ती सोसलेला बंदी सर्वांत जास्त भरतो. बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू केली तर एचआयव्हीची लागण टाळता येते. पण त्या ७२ तासांत त्याने तोंड उघडावे असा एक तरी माणूस आत असायला हवा. कंडोम दिल्याने बलात्कार थांबणार नाहीत, हेही स्पष्टच म्हणते. त्याला देखरेख लागते, उजेड लागतो आणि गर्दी कमी व्हावी लागते. आठशेच्या आसपास मंजूर क्षमतेच्या आर्थर रोडमध्ये वर्षानुवर्षे त्याच्या तिप्पट-चौपट माणसे कुशीला कूस लावून झोपली आहेत.

पंजाबने २०२२ मध्ये गोइंदवाल साहिब कारागृहापासून जोडीदाराला एकांतात भेटण्याची सोय सुरू केली. चांगले पाऊल आहे. मात्र एचआयव्ही, गुप्तरोग, क्षय यांपैकी काही नाही असे वैद्यकीय प्रमाणपत्र त्यासाठी मागितले गेले, ते मला पटत नाही. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने पक्के केले आहे. भेटीआधी तपासा, उपचार करा, दोघांना समजावून सांगा, कंडोम द्या. बाधित आहे म्हणून बायकोची भेटच नाही, ही आजारासाठी दिलेली जादा शिक्षा झाली.

कायदा आता बंद्याच्या बाजूने आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ३१ सांगते की राज्याच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक माणसाला एचआयव्हीचा प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी आणि उपचार यांचा हक्क आहे. शिक्षा भोगणारा, खटल्याची वाट पाहणारा, प्रतिबंधक कायद्याखाली धरलेला, बालगृहातले मूल, निवारागृहातली बाई, सगळे त्यात येतात. कलम २२ म्हणते की लागण टाळण्यासाठी कंडोमसारखी साधने देणे हा गुन्हा ठरणार नाही आणि त्याला मनाई करता येणार नाही. संमतीवाचून चाचणी नाही, बाधित म्हणून वेगळे काढायचे नाही, नाव फोडायचे नाही. १९८६ च्या मद्रासमध्ये आणि १९८९ च्या गोव्यात जे झाले, ते आज सरळ बेकायदा आहे.

प्रत्यक्षात गाडी अडते ती साध्या जागी. एचआयव्हीच्या गोळ्या देणारे एआरटी केंद्र जिल्हा रुग्णालयात, बंदी कारागृहात, मधे चार-पाच किलोमीटर. पण न्यायला पोलीस गार्ड नाही. आज बंदोबस्त, उद्या मंत्र्यांचा दौरा, परवा कोर्टाच्या तारखा जास्त. एचआयव्हीच्या गोळीला हे कळत नाही. वारंवार खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. लैंगिक आजारांसाठी सरकारी सुरक्षा क्लिनिकांत रंगवार औषधसंच असतात : स्रावासाठी राखाडी, जखमेसाठी पांढरा, नागिणीच्या जातीच्या फोडांसाठी तांबडा. साधी, विचार करून केलेली सोय आहे. पांढऱ्या संचात पेनिसिलिन असते. हे संच कारागृहाच्या दवाखान्यातल्या कपाटात असले आणि ते देणारा माणूस प्रशिक्षित असला, तर निम्म्याहून अधिक काम जागेवर होईल, गार्ड लागणारच नाही.

आणि सुटका. २०२२ अखेर देशाच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. ही माणसे आज ना उद्या बाहेर येणारच. जामिनाचा कागद दुपारनंतर येतो, अंधार पडता पडता नाव पुकारले जाते, माणूस कपड्यांचे गाठोडे उचलून धावत सुटतो. गोळ्यांची बाटली दवाखान्यात, उपचारांची नोंद असलेली हिरवी पुस्तिका दवाखान्यात, आणि तो बीडच्या किंवा नंदुरबारच्या गाडीत. पेनिसिलिनच्या तीनपैकी दोनच मात्रा झाल्या असतील, तर तिसरी कोण देणार? घरी बायको आहे, तिला चाचणी करायला कोण आणि कसे सांगणार? बरा झालेला नवरा आणि न तपासलेली बायको, म्हणजे काही महिन्यांत दोघेही पुन्हा आजारी.

स्त्रियांच्या कारागृहांवर या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, ते अवश्य वाचावे. बायका संख्येने थोड्या म्हणून त्यांच्या वाट्याला स्त्रीरोगतज्ज्ञ क्वचित येतो. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार त्या इतक्या वर्षांपासून सोसत आलेल्या असतात की ती सांगावी असेही त्यांना वाटत नाही. आत आलेल्या प्रत्येक गरोदर बाईची उपदंश आणि एचआयव्हीची चाचणी पहिल्याच आठवड्यात झाली आणि उपचार सुरू झाले, तर तिचे मूल निरोगी जन्मू शकते. ते मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर आत राहू शकते. म्हणजे त्याचे बाळपणही राज्याच्याच ताब्यात जाणार असते.

हे पुस्तक डॉक्टरांपेक्षा इतरांसाठी लिहिलेले आहे : मुलाखतीच्या जाळीपाशी उभ्या राहणाऱ्या आया-बायकांसाठी, तालुक्याच्या कोर्टात जामिनाचे अर्ज करणाऱ्या वकिलांसाठी, कारागृह शिपायांसाठी. शिपाई हे वाचतील अशी मला फार आशा आहे, कारण बंद्याशी दिवसातून दहा वेळा बोलणारा तोच असतो. वकिलांनी जामिनाच्या अर्जाबरोबर उपचार पुढे चालू ठेवण्याचा आदेश मागावा. न्यायालये तो देतात, पण मागितल्याशिवाय नाही. आणि ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी पुढच्या मुलाखतीला त्याला विचारावे : आत गेल्यावर रक्त तपासले का, काय निघाले, इंजेक्शने किती झाली, गोळ्या रोज मिळतात का. तो जाळीतून सगळे सांगणार नाही, आजूबाजूला माणसे असतात. मान हलवली तरी पुरे. माहिती हवी असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करा. उपचार मिळत नसतील तर अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, त्यात कलम ३१ चा उल्लेख करा, आजाराचे नाव उघड्यावर लिहू नका, पाकीट बंद करून द्या आणि पोच घ्या.